वकील नसलेल्यांचे न्यायमूर्ती : महादेव गोविंद रानडे



आपल्या वार्षिक स्मरणिकेत आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडे आले, तेव्हा मी संपादक मंडळाची परवानगी मागून ज्ञातीबाहेरचा एक पुरुष निवडला. मंडळाने ती उदारपणे दिली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. ही निवड का केली हे प्रथम सांगणे माझे कर्तव्य ठरते.

आमच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तीत माझ्या खापरपणजोबांच्या नावचे मोडी लिपीतील एक कर्जखत आहे. खताखाली सही नाही. सहीच्या जागी नांगराचे लहानसे चित्र आहे. त्या काळी ज्या कुणब्यास अक्षर येत नसे, त्याची निशाणी नांगराची असे. वडील सांगत, की हे खत वाचून दाखविले तेव्हा आजोबांस एक ऐकविले गेले आणि कागदावर दुसरेच लिहिले गेले. पुढे दावा झाला, हुकूमनामा झाला, बैल गेले. न्यायाधीशाने काही अन्याय केला असे कोणी म्हणत नसे. कागद खरा होता, निशाणी खरी होती, आणि आजोबा तारखेस हजरच नव्हते. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून असा एखादा कागद निघेल. अशा नांगराच्या निशाणीमागे उभ्या असलेल्या माणसास न्यायालयात तोंड कसे फुटेल, याचा विचार ज्या थोड्या विद्वानांनी आयुष्यभर केला, त्यांत न्यायमूर्ती रानडे अग्रगण्य होत. म्हणून ते आपल्या ज्ञातीचे नसले तरी आपले आहेत.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे त्यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण कोल्हापुरास झाले. पुढे ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. प्रस्तुत लेखकाची विद्या मॅट्रिकपाशीच थांबली. रानड्यांची तेथून सुरू झाली. १८६२ साली ते बी. ए. झाले, १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. झाले. अतिवाचनाने त्यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली व ती व्यथा जन्मभर सोबत राहिली. शरीराने स्थूल, बोलण्यात मंद, परंतु कामात अखंड, असा हा पुरुष होता.

काही काळ अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांत काम करून आणि एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करून १८७१ साली ते पुण्यास प्रथम वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. येथेच त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला. आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली होती. तिचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत. काका धंद्याने वकील. तथापि कज्जेदलालीत लोकांचा पैसा व काळ कसा बुडतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून लोकांनी आपले तंटे लवादाकडे न्यावेत व आपसांत मिटवावेत, यासाठी सभेच्या द्वारे लवाद न्यायालयाची चळवळ त्यांनीच उभारली. ज्याचे पोट कज्ज्यांवर चालते त्यानेच कज्जे कमी करण्यास झटावे, हे दृश्य विरळा. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे सभेच्या व्यासपीठावर पुढे येत नसत. परंतु सभेची अनेक निवेदने व टिपणे यांमागे त्यांची बुद्धी होती हे सर्वांस ठाऊक होते.

त्या काळच्या रयतेची स्थिती ध्यानी घेतल्यावाचून रानड्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसास सोन्याचा भाव आला व सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमिनीच्या फेरआकारणीने सारा वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरल्याने रयतेचे रक्षण होईल असे कायदा करणाऱ्यांस वाटले होते. घडले उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेई, आणि व्याज मुद्दलात मिळून नवे मुद्दल होई. असे तीनदा-चारदा झाले की मूळ कर्ज किती होते हे ऋणकोस सांगता येत नसे आणि धनको सांगत नसे. कर्जाचा इतिहास त्या फाडलेल्या कागदांबरोबर नाहीसा होई.

मग दावा लागे. समन्स येई, ते वाचता येत नसे. कोर्ट तालुक्याच्या गावी, वीस-तीस मैलांवर; दिवस पेरणीचे किंवा काढणीचे. वकिलाची फी कर्जाच्या रकमेच्या मानाने जड, आणि ती देण्यास पुन्हा त्याच सावकारापाशी जावे लागे. यास्तव बहुसंख्य दावे एकतर्फी निकालात निघत. न्यायाधीशासमोर खत येई, खतावर निशाणी असे, आणि प्रतिवादीची जागा रिकामी असे. कायद्याप्रमाणे हुकूमनामा देण्यावाचून त्यास गत्यंतर नसे. हुकूमनामा हाती आला की गुरे, भांडी, जमीन यांवर जप्ती येई. एवढ्याने भागले नाही तर ऋणकोस दिवाणी तुरुंगातही धाडता येई.

हा दाह शेवटी पेटला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारगावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत उठाव पसरला. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी नमूद केले आहे. लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. खते, हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या मागितल्या जात व त्या जाळल्या जात. कागद हाती दिल्यावर सावकाराच्या जिवास सहसा अपाय होत नसे. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांनी अक्षराची होळी केली. ते कृत्य बेकायदेशीर होते यात शंका नाही. परंतु न्यायालयाचे दार ज्यास आतून बंद आहे तो माणूस दुसरीकडे वाट शोधतो, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि अखेर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे प्रथम त्याच्या कक्षेत आले. या कायद्याची कलमे आजही वाचण्याजोगी आहेत. खत खरे एवढ्यावर न्यायाधीशाने थांबू नये. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन मुद्दल व व्याज वेगळे काढून हिशेब करावा. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ देऊ नये, म्हणजे आपल्या पूर्वजांचा दामदुपटीचा नियम पाळावा. प्रतिवादीस शक्य तो समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालू नये. स्पष्ट गहाण नसलेली जमीन विकू नये. खत गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे, आणि भरलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्क ऋणकोस असावा.

वकिलासंबंधीची दोन कलमे तर विशेष मनन करण्यासारखी होती. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात कोणत्याही बाजूने वकील उभा राहू नये, असे एक. म्हणजे सावकार वकील घेऊन आणि कुणबी एकटा, हा विषम सामनाच नको. त्याहून मोठ्या दाव्यात समोरच्या बाजूस वकील असेल आणि शेतकऱ्यास तो करण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने त्याच्या संमतीने सरकारी वकील अथवा दुसरा योग्य व राजी असलेला मनुष्य त्याच्या बाजूने उभा करावा, असे दुसरे. दहा रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्यास गावोगाव मुन्सफ नेमावेत, आणि दावा दाखल करण्यापूर्वी उभयतांनी सलोखा करणाऱ्या पंचासमोर जावे, अशीही योजना होती. सलोखा झाल्यास ती कबुलायत न्यायालयात दाखल होऊन हुकूमनाम्याइतकी बळकट होई. न झाल्यास पंचाचा दाखला घेऊन दावा लावता येई.

कायदा झाला तेव्हा रानडे पुण्यात नव्हते. सार्वजनिक सभेच्या कार्यामुळे सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टी होती. १८७८ साली त्यांची नाशिकला आणि १८७९ साली धुळ्याला बदली झाली. ते वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस होते. पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या होत्या. धुळ्यास असताना रानड्यांचे टपालही तपासले जात असे. रानड्यांनी याचा गवगवा केला नाही आणि कामात कसूरही केली नाही. इकडे पुण्यात फडक्यांचा बचाव करण्यास सार्वजनिक काका निर्भयपणे उभे राहिले. ज्याच्या बाजूने उभे राहण्यास लोक धजत नाहीत त्याच्याही बाजूने कोणीतरी बोललेच पाहिजे, हे वकिलीचे व्रत त्यांनी पाळले. पुढच्याच वर्षी, १८८० साली, काका निवर्तले.

लवकरच सरकारचा संशय निवळला. १८८१ साली रानड्यांची नेमणूक याच नव्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पुणे व सातारा जिल्ह्यांकरिता झाली, आणि १८८७ साली ते या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले. मधल्या काळात पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशपद, मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासदत्व आणि हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीचे काम ही त्यांच्याकडे आली. परंतु रयतेच्या दृष्टीने विशेष न्यायाधीशाचे पदच सर्वांत मोलाचे होते.

ते कसे, हे थोडे उलगडून सांगतो. सामान्य पद्धतीत खालच्या न्यायालयाची चूक दुरुस्त व्हावयाची तर अपील करावे लागते. अपिलास मुदत लागते, पैसा लागतो, वकील लागतो. ज्यापाशी यांतले काहीच नाही त्याच्यावरील अन्याय कायमचा होतो. या कायद्याने विशेष न्यायाधीशावर उलट जबाबदारी टाकली. त्याने स्वतः हिंडावे, सबजज्ज, गावमुन्सफ आणि सलोख्याचे पंच यांची दप्तरे तपासावीत, आणि कोठे न्यायाचा विपर्यास झालेला दिसल्यास कागद मागवून तो सुधारावा. थोडक्यात, अपील पक्षकाराने न्यायाधीशाकडे न नेता न्यायाधीशाने पक्षकाराकडे जावे. रानडे वर्षातील बराच काळ फिरतीवर असत. डोळ्यांची ती अवस्था, प्रवास बैलगाडीचा, मुक्काम कधी धर्मशाळेत तर कधी तंबूत. अशा स्थितीत तालुक्यामागून तालुक्याची दप्तरे त्यांनी डोळ्यांखालून घातली. पत्नी रमाबाई पुष्कळदा बरोबर असत. त्या फिरतीच्या हकीकती त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविल्या आहेत.

रानडे या कायद्याचे आंधळे भक्त नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. सावकार हा शत्रू आणि कुणबी तेवढा सज्जन, अशी त्यांची समजूत नव्हती. शेतीस भांडवल लागते आणि ते कोणीतरी दिलेच पाहिजे, हे ते अर्थशास्त्रज्ञ या नात्याने जाणून होते. कायद्याने सावकाराचा हात आखडला, पण दुसरा हात पुढे केला नाही, तर गरजू माणूस अधिकच अडेल, अशी त्यांची दृष्टी होती. म्हणून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश राहिलेले थोर मनाचे इंग्रज गृहस्थ विल्यम वेडरबर्न यांच्या बरोबरीने त्यांनी शेतकी पेढीची योजना पुरस्कारली. पुरंदर तालुक्यात ती करून पाहावी असे ठरत होते. पण विलायतेतील अधिकाऱ्यांनी मान्यता दिली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला, तेव्हा रानडे हयात नव्हते.

कायद्यातही उणिवा निघाल्या. कित्येक सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, म्हणजे कर्जाचा व्यवहार विक्रीच्या वेषात वावरू लागला. सलोख्याच्या पंचांत कोणी निःस्पृह होते, कोणी नावापुरते. काही ठिकाणी दाखला मिळविणे हा केवळ एक जादा हेलपाटा ठरला. कालांतराने ती व्यवस्था मोडली आणि पुढे तो कायदाही रद्द झाला. तथापि न्यायाधीशाने कागदाच्या मागचा मनुष्य पाहावा, हे तत्त्व त्या कायद्याने रुजविले, आणि ते रुजविणाऱ्या हातांत रानड्यांचा हात मोठा होता.

रानड्यांचे आयुष्य निर्दोष होते असे म्हणणे त्यांसच रुचले नसते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका अल्पवयीन कुमारिकेशी विवाह केला, याबद्दल त्यांस पुष्कळ बोल लागला व तो अनाठायी नव्हता. परंतु त्याच बालिकेस त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून शिकविले, आणि त्या रमाबाईंनी पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारे असंख्य स्त्रियांस स्वतःच्या पायांवर उभे केले. स्वतःची चूक झाली तर तिची भरपाई कामाने करावी, हा पाठही या चरित्रात आहे.

१८९३ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनाने रिकाम्या झालेल्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचे ग्रंथ, काँग्रेस व सामाजिक परिषद यांतील कार्य, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन हे सर्वश्रुत आहे. ते विस्तारभयास्तव येथे सांगत नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आता थोडे आपल्याविषयी. स्वराज्य आले, संविधान आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात ३९-अ हा अनुच्छेद दाखल झाला, आणि पैशाच्या अभावी कोणीही न्यायास मुकू नये, ही शासनाची जबाबदारी ठरली. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार, अपंग व्यक्ती, आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले सर्व, यांस सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते व तालुक्यास समिती असते. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी मानली जाते, तिच्यावर अपील नसते, आणि प्रलंबित दावा तेथे मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. १८७९ च्या सलोख्याच्या कबुलायतीचीच ही नात म्हणावयास हरकत नाही.

परंतु बंधूंनो, दार उघडे असणे आणि माणूस त्यातून आत जाणे यांत अंतर आहे. नोकरीच्या काळात आणि निवृत्तीनंतरही, न्यायालयाची नोटीस हाती घेऊन कितीतरी माणसे माझ्या ओसरीवर आली. बहुतेक तारीख उलटून गेल्यावर आली. त्यांस लिहिता-वाचता येत होते. आज आपल्या ज्ञातीत नांगराची निशाणी करणारा कोणी उरला नसेल. पण कागदावरची भाषा त्यांस परकी होती, आणि विचारावयाची लाज वाटत होती. एका विधवा भगिनीने भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली होती. ते वाचले होते काय, असे मी विचारले. भावांसमोर कसे वाचू, असे तिचे उत्तर होते. त्या उत्तराने मला पेटीतील खताची आठवण झाली. निशाणी बदलली, व्यवहार तोच राहिला.

म्हणून या लेखाच्या शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास ज्ञातीतील एक-दोन जाणती माणसे बसावीत. त्यांनी वकिली करू नये, सल्ल्याचा आव आणू नये. कोणी कागद आणील तर तो सावकाश वाचून दाखवावा, तारीख वहीत लिहून द्यावी, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करावा हे सांगून गरज पडल्यास सोबत जावे. कागद आणणारा आपल्या ज्ञातीचा आहे की नाही, हे मात्र विचारू नये. रानड्यांनी आपल्या पूर्वजांस ते विचारले नव्हते. पहिल्या रविवारी बसण्यास मी तयार आहे. येताना ती पेटीतील खताची प्रत बरोबर आणीन व टेबलावर ठेवीन, म्हणजे आपण कोणासाठी बसलो आहो याचा विसर पडणार नाही.

थोरांची चरित्रे आपण स्मरणिकेत छापतो व पुढील वर्षापर्यंत कपाटात ठेवतो. या चरित्राचे तसे न होवो, एवढीच प्रार्थना करून ज्ञातिबांधवांची रजा घेतो.